विंगेतला हात

परिमलबाबूंनी पडद्यावरचा फोटो मोठा केला आणि लॅपटॉप इंदुलेखाकडे वळवला. मधोमध न्यायाधीशाच्या झग्यात त्रिदिब लाहिडी उभे होते. उजव्या कडेला, काळ्या पडद्याच्या फटीतून, एक हात बाहेर आला होता. हातात नाटकाची संहिता, बोटांत पेन्सिल. हाताभोवती पिवळी चौकट होती. चौकटीखाली कुणीतरी भरून ठेवलं होतं: ‘रंगमंचावरील वस्तू’.

"सिंहासन, दिवा आणि हात," परिमलबाबू म्हणाले. "सध्या तिघं एकाच वर्गात आहेत."

बंगाली ग्रुप थिएटरचा हा इंटरनेटवरचा संग्रह सगळ्यांनी मिळून उभारायचा होता. म्हणजे कुणीही काहीही भरावं आणि परिमलबाबूंनी ते नियमात बसवावं. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांची नियमांवाचून उपासमार चालली होती, ती इथं थांबली. पद्धत जगभरच्या संग्रहालयांनी मान्य केलेली होती. चेहरा दिसत असेल तर एक साक्षीदार पुरे. चेहरा नसेल तर दोन, आणि दोघंही त्या प्रयोगात हजर असलेले. आज संध्याकाळी फोटोचं पान कायमचं बंद होऊन ठिकठिकाणच्या ग्रंथालयांत जाणार होतं. त्यानंतर हात म्हणजे वस्तू ती वस्तूच.

पहिला साक्षीदार मिळाला होता. प्रकाशयोजनेचा निताई फोनवर म्हणाला होता, "इंदुदीचाच हात. त्या माणसाला वाक्य सांगायची दुसऱ्या कुणाची छाती होती?" दुसरा, जिवंत असा, एकच उरला होता: फोटोतले त्रिदिबदा स्वतः. बागबाजारात त्यांच्याच घरी, बैठकीच्या खोलीत ती दोघं बसली होती. पुढ्यात बिनदुधाचा लाल चहा आणि मुढीची, म्हणजे कुरमुऱ्यांची, वाटी होती.

त्रिदिबदा माकडटोपी काढून, केस विंचरून बाहेर आले. कॅमेरा आहे हे त्यांना कळवलेलं होतं.

"प्रॉम्प्टर? आमच्याकडे?" ते म्हणाले. "अरे परिमल, आमच्या हँडबिलावर छापलेलं असायचं, ‘प्रॉम्प्टरविना’. लोक त्यासाठी तिकीट काढायचे."

"मग हात कुणाचा, त्रिदिबदा?" इंदुलेखानं विचारलं.

"असेल कुणाचा तरी. विंगेत माणसांना काय तोटा? चहावाल्याचा असेल."

"चहावाल्याच्या हातात संहिता?"

"वाचनाची आवड असेल. बंगाली माणूस आहे."

इंदुलेखानं मुढीचे चार दाणे तोंडात टाकले. वीसेक वर्षं ती त्या फटीत उभी राहिली होती. हँडबिलावर तो एक शब्द असल्यामुळे तिचं नाव तिथं येणं शक्यच नव्हतं, आणि तिनं कधी तक्रारही केली नव्हती. पण वस्तू म्हणून कायमचं नोंदलं जाणं, तेही दिव्याच्या खालोखाल, हे काही तिच्या पचनी पडेना.

"साक्ष सुरू करतो," परिमलबाबू म्हणाले. "इंदुदी, दावा तुमचा आहे. तुम्ही हजर राहायचं, पण बोलायचं नाही. बोललात की साक्ष बाद."

"गप्प बसल्यासारखं दिसायची मला सवय आहे."

"साक्ष कसली देताय?" त्रिदिबदा उठलेच. "शेवटचं स्वगत अख्खं म्हणून दाखवतो. या वयात. मग कळेल सगळ्यांना, प्रॉम्प्टर लागत होता की नाही ते."

त्यांनी शाल खांद्यावर ओढली आणि तिचा झगा झाला. आवाज लागला. वरच्या बिऱ्हाडातला टीव्ही आपणहून बारीक झाला. कॅमेऱ्यामागे परिमलबाबू नियम विसरून ऐकत राहिले.

"मी निकाल लिहितो तेव्हा माझा हात थरथरत नाही. थरथरते ती..."

त्रिदिबदा थांबले. परिमलबाबूंना तो थांबा फार परिणामकारक वाटला. इंदुलेखानं त्यांचा डावा अंगठा पाहिला. तो तर्जनीवर घासू लागला होता. याच जागी ते नेहमी अडायचे.

तिला फक्त गप्प बसायचं होतं. नियमही तेच सांगत होता. ती गप्प बसली असती तर हँडबिलावरचा तो शब्द तिथंच, कॅमेऱ्यासमोर, सतरंजीवर आडवा झाला असता.

अंगठा पुन्हा घासला गेला.

"दिव्याची वात," इंदुलेखा म्हणाली.

"दिव्याची वात!" त्रिदिबदा गरजले, आणि मागं वळून न बघता थेट शेवटापर्यंत गेले. मग खाली बसून त्यांनी शालीच्या टोकानं कपाळ पुसलं. "काय परिमल? अडलो कुठं?"

परिमलबाबूंनी कानाला हेडफोन लावून चित्रण मागं नेलं आणि ऐकलं. पुन्हा ऐकलं.

"इंदुदी, तुम्ही बोललात."

"हो."

"साक्ष बाद झाली."

"हो."

"पण चित्रण पुसता येत नाही. आणि त्यात ऐकू येणाऱ्या प्रत्येक आवाजाची नोंद करावीच लागते." ते त्रिदिबदांकडे वळले. "दुसरा आवाज कसला म्हणून लिहू?"

"दुसरा कुठला?"

परिमलबाबूंनी हेडफोन काढून तेवढा तुकडा मोठ्यानं ऐकवला. त्रिदिबदांनी डोळे मिटून, मन लावून ऐकला.

"हा होय! हा लिहायचा नसतो रे. हा काय, नाटकात असतोच."

परिमलबाबूंनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं; या वेळी इंदुलेखा मध्ये बोलली नव्हती. खाली दुसरा साक्षीदार म्हणून त्रिदिब लाहिडी हे नाव घातलं. मग हाताच्या चौकटीवर जाऊन तिथला ‘वस्तू’ हा शब्द पुसला.

"पूर्ण नाव सांगा, इंदुदी."

तिनं सांगितलं. सवयीनं, ओठ जेमतेम हलवून, पडद्याच्या फटीतून प्रेक्षकांत जाणार नाही इतक्या हळू. हातभर अंतरावर बसलेल्या परिमलबाबूंना ते ऐकू आलं नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्रिदिबदा चहात साखर ढवळत होते. त्यांनी मान वर केली आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "इंदुलेखा सोम!"