छापणाऱ्याचं नाव

“आन् खाली नाव कोनाचं टाकाचं?” मेहरबीने विचारलं.

दौलतरावांनी नव्या छापखान्याच्या नकाशावरून मान वर केली. ते संस्थेचे सेक्रेटरी. कारंज्याची मोठी शाळा, कामरगाव आणि इंझोरीच्या शाळा, दोन बोर्डिंगं, एक दवाखाना, सगळा कारभार त्यांच्या हाती. या सगळ्यांची छपाई आजवर चार गावच्या छापखान्यांत विखुरलेली होती. वार्षिक परीक्षेचे पेपर अशाच एका छापखान्यातून फुटले, आणि कमिटीने ठरवलं की आता संस्थेचा स्वतःचा एकच छापखाना हवा. छपाईतलं कळणारं माणूस गावात एकच उरलं होतं. म्हणून दौलतराव मेहरबीच्या ओट्यावर येऊन बसले होते.

यंत्र कोणतं घ्यायचं, अक्षरांच्या खिळ्यांच्या पेट्या कोणत्या खिडकीपाशी मांडायच्या, पेपर छापायचे तेव्हा कोणत्या खोलीला कुलूप लावायचं, सगळं तिने सांगितलं होतं. राहिलं होतं ते फक्त नाव.

“नाव कायले लागते?”

“कायदा हाय, भाऊ. कागद कोनताबी असो, छापनाऱ्याचं नाव खाली लागते. मॅजिस्ट्रेटापुढं तसं लिहून द्या लागते.”

“मंग तुमचंच टाकू.”

“माह्या नावाले कोन इचारते? संस्था तुमची. गावोगावच्या कागदावर तुमचंच नाव शोभते.”

दौलतरावांना ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा आवडलं. पुढच्याच आठवड्यात ते मॅजिस्ट्रेटापुढे सही करून आले.

तीस साली, जंगल सत्याग्रहाच्या धामधुमीत, मेहरबीचा नवरा रहमतुल्ला याने आपल्या छापखान्यात एक पत्रक छापलं होतं. त्यावर कोणाचंच नाव नव्हतं. ते शाळेच्या पोरांच्या खिशात सापडलं आणि वरून संस्थेला दम आला, छापणारा दाखवा, नाहीतर अनुदान बंद. मग पोलीस गल्लीत शिरले. त्यांच्यामागे दौलतराव होते. त्यांनी नुसती काठी उचलली आणि रहमतुल्लाच्या दाराकडे रोखली. गल्लीतली बाकीची दारं बंद होती. पाहणारी मेहरबी एकटीच.

यंत्र जप्त झालं. रहमतुल्ला तुरुंगात हगवणीने गेला. मेहरबी शाळेच्या वह्या शिवून जगली. दौलतराव ते सगळं विसरले, इतके की छापखान्याचा सल्ला मागायला तिच्याच ओट्यावर आले.

ती विसरली नव्हती.

छापखाना उभा राहिला आणि खिळे जुळवायला मेहरबीच लागली. प्रगतीपुस्तक असो की दवाखान्याची चिठ्ठी, खालची ओळ ती स्वतः जुळवायची. मुद्रक म्हणून दौलतरावांचं नाव. एक खिळा वाकडा बसू द्यायची नाही. दौलतराव येता-जाता कागद उचलून आपलं नाव बघत, आणि ती त्यांना बघत असे.

बेचाळीसचा ऑगस्ट आला. पुढारी पकडले गेले, गावोगाव माणसं कचेऱ्यांवर निशाण लावायला निघाली. एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना मेहरबीने पत्रक जुळवून छापलं. तुरुंगातल्यांसाठी उठा, कचेऱ्या बंद पाडा, असा मजकूर. खाली नेहमीची ओळ. बाजाराच्या दिवशी ते पत्रक धान्याच्या ओट्या-ओट्यावर पडलेलं होतं.

फौजदार छापखान्यावर आला तेव्हा त्याच्यामागे निम्मा बाजार होता. आवाज ऐकून दौलतराव आतून बाहेर आले. मेहरबी दारातच उभी राहिली. तिने दोन्ही बाजूंनी विचार केला होता. दौलतराव तुरुंगात गेले तर ठीक. आणि त्यांनी तिचं नाव सांगितलं, तर आपल्यालाही जावं लागेल, पण या वेळी सारं गाव डोळ्यांनी बघेल हा माणूस काय आहे ते.

“हे नाव तुमचं?” फौजदाराने पत्रक पुढे धरलं.

दौलतरावांनी ते वाचलं. त्यांनी मेहरबीकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. तीही त्यांच्याकडेच बघत होती.

“दाखवा ना, भाऊ,” त्यांना एकट्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. “तुमाले तं सवय हाय.”

दौलतरावांचा हात हळूहळू वर येऊ लागला.

तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडलं, “दौलतराव की जय!” मग सारा बाजारच ओरडू लागला. संस्थेचे म्हातारे अध्यक्ष उकंडराव काठी टेकत पुढे आले. आयुष्यात कोणाला शाबासकी न दिलेला हा माणूस दौलतरावांच्या गळ्यात पडून रडू लागला. “मानूस वळखाले आमी चुकलो रे बाबा,” म्हणाला.

दौलतरावांचा हात तसाच अधांतरी थांबला. त्यांनी एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा मेहरबीकडे. मग दुसरा हात त्याला जोडला आणि गर्दीला नमस्कार केला.

“म्याच छापलं,” ते म्हणाले.

बायांनी त्यांना ओवाळलं. पोलिसांच्या टांग्यात ते ताठ मानेने बसले, जणू जन्मभर असेच जगत आले होते. “म्या छापलं!” असं ओरडायला मेहरबीचे ओठ उघडले. पण त्या जयजयकारात तिचा आवाज तिलाही ऐकू आला नाही. टांगा वळणाआड गेला.

शेजारची गोजराबाई डोळे पुसत जवळ आली. रहमतुल्लाला नेलं त्या दिवशी मेहरबीला पोटाशी धरून बसली होती ती हीच. आजही तिने तिचा हात तसाच घट्ट धरला.

“मेहरबी,” ती म्हणाली, “थेट तुह्या घरधन्यासारखा निघाला वं, माय!”