ओठ मिटून

गाणं कधी ऐकलंच नाही, तर पक्ष्याच्या पिल्लाचा मेंदू ते स्वतःहून घडवतो का, हे आम्हाला शोधायचं होतं. म्हणून आवाजबंद खोलीत त्याच्यासमोर ब्र काढायचा नाही, असा नियम. आठवडाभर सिरिंजने त्याला मी भरवायचे, ओठ घट्ट मिटून. रविवारी तेवढा सहकारी यायचा. आज पिल्लाला कंठ फुटला, आणि निघाली ती सहकाऱ्याची जिना चढतानाची शीळ, शेवटच्या गिरकीसकट. “सवय आहे गं, भरवताना कळलंच नाही,” तो गालात हसत म्हणाला. आयत्या बिळावर नागोबा. “प्रयोग वाया गेला म्हणून चिडलीस?” मी हो म्हटलं. खरं तर घास माझा आणि गाणं त्याचं, हे मला पचत नव्हतं. संध्याकाळी प्रमुखांनी तोच नियम बजावत नवं पिल्लू सोपवलं. मी दार लावलं. शीळ मला येत नाही, म्हणून गुणगुणायला लागले.