टिकल्या

चौकशी समितीसमोर शपथ घेऊन पोलीस अधिकारी ब्रॅडॉक सांगत होता, “पोरगा सुरी घेऊन अंगावर आला, म्हणून टेसरने विजेचा झटका दिला. एकदाच.” तो पोरगा माझा वेंडेल, माझ्याच स्वयंपाकघरात संपला. आई म्हणून मला प्रश्न विचारायची परवानगी होती. “पडल्यावर दुसरा झटका दिला असता तर?” “तो गुन्हा ठरला असता, मॅडम.” “म्हणजे एकदाच?” “किती वेळा सांगू? एकदाच.” मी पर्समधली पेपरमिंटची डबी टेबलावर उपडी केली. टेसरचं एक काडतूस एकदाच उडतं, आणि त्यातून अशा कागदी टिकल्या उडतात. प्रत्येकीवर त्या काडतुसाचा नंबर असतो. पोलिसांनी त्या झाडून नेल्या होत्या, फ्रिजखाली मात्र हात घातला नव्हता. माझ्या टिकल्यांवर दोन वेगळे नंबर होते. ब्रॅडॉकचा चेहरा उतरला. अध्यक्षबाई कडाडल्या, “दोन वर्षं पुरावा का लपवून ठेवलात?” “यांच्या शपथेची वाट पाहत होते.”