खांद्यावरून काढलेला फोटो

पूर आला की वर्तमानपत्रांची सुगी असते, लाज वाटली तरी खरं आहे. संपादक फोटोग्राफरवर खेकसले, "सगळे फोटो घेऊन आले, तू हात हलवत?" "अडकलेल्या पोरीला खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातून तिच्या आईकडे निघालो, साहेब. कॅमेरा भिजू नये म्हणून तिच्याच गळ्यात घातला." "मग पहिल्या पानावर काय तुझी समाजसेवा छापू? उद्यापासून येऊ नकोस!" कॅमेरा परत करण्यापूर्वी त्यानं चालू केला आणि थबकला. पोरीनं वाटेत बटण दाबलं होतं. फोकस, उजेड, बाकीचं कॅमेऱ्यानंच जुळवलं होतं. फोटोत गच्चीवरून तिची आई दोन्ही हात पसरून हसत-रडत वाकली होती. संपादक खुर्चीतून उठलेच. "पहिलं पान! पण खाली हे चकाकतंय काय?" "माझं टक्कल." "राहू दे! नाव तुझंच टाकतो." तो हसला, "नाव पोरीचं टाका, साहेब. त्यातलं माझं फक्त टक्कल."