नवशीन

पायरीवर बसलेल्या अहद लोन यांनी चहाचा पेला कोणाच्या हातून घेतला नाही. "खाली ठेव," ते म्हणाले. "मी उचलतो."

सुलतानच्या भट्टीवर पावासाठी आलेले सगळे हसले. पहाटे या हिवाळ्यातला पहिला बर्फ पडला होता, आणि पहिला बर्फ पडला की त्या दिवशी गावात कोणी कोणाच्या हातून काही घेत नाही. रुमालात, डब्यात, पावाच्या घडीत चिमूटभर बर्फ लपवून समोरच्याला द्यायचा. त्याने बेसावध हात पुढे केला की त्याला नवशीन लागली. मग जिंकणारा मागेल ते द्यायचं. बहुतेक जण मटणाचा हरीसा मागतात. अहद लोन गावाचे लंबरदार, म्हणजे पाटीलच. त्यांना आजवर कोणी फसवू शकलं नव्हतं.

मुबीना आली. जिल्ह्याच्या हवामान केंद्रात ती काम करायची आणि सुट्टीला घरी आली होती.

"या पाऊसवाल्या बाई," अहद म्हणाले. "अजून तेच म्हणणं आहे का?"

"परवापासून पाऊस."

"बर्फ म्हण. चिल्लई कलान आहे, ऐन कडाक्याचे चाळीस दिवस."

"पाऊस, काका. पार वरच्या कुरणांपर्यंत. हवा उबदार येतेय. पडलेला बर्फ पावसाबरोबर एकदम उतरेल. चर मोकळा करायला हवा."

"ओढ्यात बदकाचे पाय भिजत नाहीयेत, आणि ही पूर घेऊन आली."

चर म्हणजे पुराचं जास्तीचं पाणी गावाबाहेर काढायला वाडवडिलांनी खणलेला खोल पाट. ओढ्याच्या वळणावर त्याचं तोंड होतं. कित्येक वर्षं त्यात पाणी आलं नाही, तेव्हा अहद यांनी तोंडाशीच सफरचंदांच्या खोक्यांची शेड बांधली. मग कोणी लाकडं रचली, कोणी मेंढ्या बांधल्या. लंबरदारांची शेड हलल्याशिवाय दुसरं कोणी काडीही हलवणार नव्हतं. आणि चर तुंबलेला राहिला तर पाणी खालच्या मोहल्ल्यात शिरणार होतं. तिथलं अगदी खालचं घर मुबीनाच्या आजीचं, झूनदेदचं. पायांनी अधू झालेली देद घर सोडायचं नाव काढू देत नव्हती.

मुबीनाने वाद वाढवला नाही. अंगातल्या पायघोळ फेरनच्या आतून तिने आपली कांगडी काढली. ऊबेसाठी निखारे भरून जवळ बाळगायची, वेताने विणलेली मातीची कुंडी, वर राखेचा थर.

"दारात बसलात, काका. वारं लागतंय."

"वाऱ्याचं मला सांगू नकोस," म्हणत अहद यांनी कांगडी घेतली आणि सवयीने फेरनखाली सरकवली. "या ओढ्याला मी लहानपणापासून ओळखतो. त्याचं पाणी किती आणि कुठे, ते तू मला..."

ते थांबले. हात बाहेर आला. बोटांना ओली राख लागली होती आणि राखेत बर्फाचे खडे होते.

भट्टीतून पाव काढणारी सुलतानची सळई जागीच राहिली. "लंबरदारसाहेब," तो म्हणाला, "निखारे वितळले की काय?"

"कांगडीत?" अहद म्हणाले. "कांगडीत बर्फ कोण भरतं?"

"राखेखाली चांगला टिकतो," मुबीना म्हणाली.

अहद यांनी बोटं फेरनला पुसली. "बरं. हरीसा. किती माणसांचा?"

"हरीसा नको. शेड काढा."

"नवशीनमध्ये शेड कोणी मागतं का?"

"माझी अंड्यावरची कोंबडी नेली होतीत तुम्ही," सुलतान म्हणाला. "तेव्हा मी विचारलं नाही, कोंबडी कोणी मागतं का म्हणून."

अहद उठले. दुपारी ते स्वतः शेडच्या छपरावर होते आणि पत्रे खाली फेकत होते. "लंबरदाराची शेड मोडली," ते वरून ओरडत होते, "तुमची लाकडं काय सोन्याची आहेत?" दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या आत चराचा तळ दिसू लागला.

पाऊस सांगितल्या दिवशी आला आणि थांबला नाही. पांढरे डोंगर दुपारपर्यंत काळे झाले. मग ओढ्याचा आवाज बदलला. मातकट पाणी बर्फाचा चुरा आणि विलोच्या झाडांचे उपटलेले बुंधे घेऊन वळणावर आदळलं आणि खालच्या मोहल्ल्याच्या दगडी बांधावर चढू लागलं. सगळं गाव काठावर उभं होतं. बांधाची सगळ्यात वरची ओळ भिजली.

बांधामागच्या आपल्या घराच्या वरच्या खिडकीत झूनदेद बसली होती.

एक बुंधा गोल फिरला आणि चराच्या तोंडात घुसला. त्याच्यामागून पाणी वळलं. आधी थोडं, मग सगळ्या अंगाने. चर काठोकाठ भरून धावू लागला. बांधावर दगडांची वरची ओळ पुन्हा दिसली, मग तिच्याखालची. पोरं शिट्ट्या मारत पाण्याबरोबर पळाली. अहद यांनी मुबीनाच्या पाठीत अशी थाप मारली की ती दोन पावलं पुढे गेली.

खिडकीतून गाणं ऐकू आलं. लग्नात नवरदेव दाराशी येतो तेव्हा बायका म्हणतात ते. देद एकटीच म्हणत होती, चिरक्या आवाजात.

"देद," अहद खालून ओरडले, "नवरदेव कुठाय?"

"हा काय चाललाय दारावरून," पाण्याकडे बोट दाखवत देद म्हणाली. "वरात असावी तर अशी. आत शिरली नाही, जेवायला थांबली नाही."

तिने पुढची ओळ उचलली. चरापलीकडच्या खिडक्या एकेक करून उघडल्या आणि बायकांनी ती झेलली.