तिसरा सप्लाय

"हा पहिला," मंजुश्री म्हणाली.

धम्मरत्न तिच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसला होता. सप्लाय, म्हणजे विजेचा अडॅप्टर, निवडायची ही त्याचीच युक्ती. कोणता लावलाय हे दिसलं की मन कानाला शिकवायला लागतं. म्हणून बायकोने वाटेल तो जोडायचा आणि त्याने नुसतं ऐकायचं.

"घूं करून राह्यला. काढ."

मागे पलंगावर त्याने वर्षभर खपून बनवलेला सिंथेसायझर होता. पत्र्याचं खोकं, जुन्या कीबोर्डच्या पट्ट्या, आतच बसवलेला स्पीकर. बारा व्होल्ट दिले की वाजायचा. पण पट्टी दाबलेली नसताना तो गप्प बसायला हवा, आणि तो बसत नव्हता. मीटरवर तिन्ही सप्लाय स्वच्छ दिसत होते. मीटरच स्वस्तातलं, असं धम्मरत्नने ठरवून टाकलं होतं.

धाड गावच्या भीमगीतांच्या पार्टीचे इंद्रभानदादा सकाळीच येऊन ऐकून गेले होते.

"मस्त वाजून राह्यलं! काऊन अडून बसला बे? मले तं काही घूं-बी ऐकू येत नाही."

गाढवाला गुळाची चव काय, असं धम्मरत्न मनात म्हणाला होता. सगळी उमर त्याने लग्नाच्या वरातीत, भोंग्यांपुढे उभं राहून भाड्याचे कीबोर्ड वाजवले होते. स्वतःचं वाद्य घेऊन स्टेजवर चढायचं, एवढीच त्याची हौस उरली होती. आणि ते वाद्य घुंघुं करणारं असून चालणार नव्हतं. धम्मरत्नचे कान सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेले. तबला केसभर उतरला तरी तो मान वर करायचा. हल्ली तर गल्लीच्या टोकावरच्या विजेच्या डीपीची घूंही त्याला रात्रभर झोपू देत नसे.

संध्याकाळपर्यंत पार्टीत वाजवायचा होकार गेला नाही, तर इंद्रभानदादा दुसरा वाजवणारा बघणार होते.

"हा दुसरा."

"हा बी तसाच. वायफायचा हाय ना?"

"कोणता हाय ते सांगायचं नाही. तुम्हीच म्हणले होते."

तो कसनुसा हसला. मग मागे बराच वेळ काही हललं नाही.

"लाव ना, मंजुश्री."

"लावते."

तिसरा म्हणजे शेवटचा. धम्मरत्नने डोळे मिटले. हा तरी गप्प बसू दे, असं त्याला फार मनापासून वाटलं.

"हा तिसरा," ती म्हणाली. तिचा आवाज ओला होता.

त्याने श्वास रोखून ऐकलं. घूं. तीच, तेवढीच.

"जाऊ दे. यात बी हाय. इंद्रभानदादाले सांगून दे, दुसरा माणूस पाहा म्हणा."

त्याने थोडं थांबून हाक मारली.

"मंजुश्री?"

तो वळला. सिंथेसायझरची वायर पलंगावरून मोकळी लोंबत होती, आणि तिन्ही सप्लाय मंजुश्रीच्या मांडीवर होते.