वस्ती नाही

सत्काराचा हार गळ्यात तसाच ठेवून प्राध्यापक बिवलकर गाडीत बसले. गाडी म्हणाली, "या पत्त्यावर वस्ती नाही," आणि जागची हलेना. गाड्या, पाणी, वीज, सगळं आता नकाशा सांगेल तिथंच जायचं.

खिडकीशी त्यांची विद्यार्थिनी इंद्रायणी उभी होती. एम.एस्सी.ची शेवटची अट तिनं आत्ताच पूर्ण केली होती. उपग्रहावरून घरातल्या माणसांची ऊब मोजून नकाशा करायचा, आणि तो त्याच क्षणी लागू व्हायचा.

"अगं, माझी अख्खी कॉलनी निर्जन दाखवलीस?"

"घरांत कुणी नव्हतं, सर. सगळे तुमच्या सत्काराला आलेत ना."

"जाऊन बघायचं तरी!"

"आमच्या बोरखिंडीचा नकाशा केलात, तेव्हा तुम्ही आला होतात? सप्ताह चालू होता. घरं रिकामी, गाव देवळात. कीर्तनाला माझे बाबा उभे होते. पुढं त्यांच्या छातीत कळ आली, तेव्हा रुग्णवाहिका वेशीवरून परत गेली."

बिवलकरांनी हार काढला. "दुरुस्त कर, बाळ."

"दुरुस्ती पुढच्या वर्षी, सर. नियम तुमचाच. तोवर बोरखिंडीला राहा. आज सप्ताह बसतोय, देवळात जागा आहे. फक्त चालत यावं लागेल. तिकडं गाडी येत नाही."